शेवटच्या घमेल्याचा ठोकळा

लवाद सोमवारी दहाला ओढ्यावर येणार होते, म्हणून मुकादमांच्या घरी सगळे रविवारीच जमले, आणि जमल्यापासून तासभर पुलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. इंद्रायणी भात यंदा कसा उतरला, पानशेतला पुण्याच्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी काय भावानं घालतात, चिमाजीची म्हैस कशानं गेली, सगळं बोलून झालं. घरात मयत झाली तरी माणसं याहून लवकर मुद्द्यावर येतात.

अश्विनी ओसरीवर सतरंजी टाकून, फाईल उघडून बसली होती. वीस वर्षं ती पुण्यात बांधकामाच्या भांडणांची वकिली करत होती. पडलेले पूल, खचलेले रस्ते, गळणाऱ्या टाक्या, ही तिची शेती. या वीस वर्षांत तिला एवढं कळलं होतं की कुठलंही बांधकाम आपणहून पडत नाही आणि कुणाच्या चुकीनंही पडत नाही. ते पावसानं पडतं, मातीनं पडतं, फारच झालं तर नकाशानं पडतं. काँक्रीट दोषी निघाल्याचं तिला आठवत नव्हतं. निघालं असेल तर ते समोरच्या वकिलाच्या केसमध्ये.

या खेपेला मात्र पक्षकार सख्खा धाकटा भाऊ होता आणि जखमी सख्खा आत्तेभाऊ.

पासली गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यावर, गोरखनं अडीच वर्षांपूर्वी ठेका घेऊन बांधकाम खात्याचा साकव बांधला होता. दोन काठांवर दोन भिंती, वर स्लॅब, एवढंच काम. पण बाळाबाई आत्याची वाडी ओढ्यापलीकडं. पन्नास वर्षं ती पावसाळ्यात माहेरी यायचं तर आठ किलोमीटरचा वळसा घालून येत होती, त्यामुळं घरात सगळे त्याला ‘आत्याचा पूल’च म्हणत. यंदाच्या जुलैत ओढ्याला पाणी आलं, पलीकडची भिंत वरनं अर्धी ढासळली, स्लॅब त्या बाजूला कलंडला आणि दुधाचा टेम्पो घेऊन येणारा आत्याचा धनाजी टेम्पोसकट खाली गेला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता तो ओसरीच्या कडेला बाजेवर बसला होता, कुबडी भिंतीला टेकवून, आणि चिमाजीच्या म्हशीबद्दल सगळ्यात जास्त तोच बोलत होता.

रत्नानं चहा आणला. गोरखची बायको ती. तिनं आत्याच्या पुढ्यात कप जरा आवाज करूनच ठेवला. आत्यानं त्याला हात लावला नाही.

“मंग वकीलीणबाई,” आत्या म्हणाली, “तुमच्या त्या कागदात सिमिट कुणी खाल्लं त्ये लिवलंय का न्हाई?”

म्हैस संपली.

“आत्या, कुणी खाल्लं असं कुणी म्हटलेलं नाही अजून,” अश्विनी म्हणाली. “खात्याचं म्हणणं, काम कच्चं. आपलं म्हणणं, पूर.”

“आपलं म्हंजी कुणाचं? माज्या पोराचा पाय गेला, त्यो कुठल्या बाजूला बसतो? हिकडं का तिकडं?”

“आई, गप की,” धनाजी म्हणाला.

“पाच महिने गपच हाय म्या! नसरापूरच्या बाजारात बायका इच्यारत्यात, भावाच्या पोरानं पूल बांदला म्हंजी घरचाच की वं. घरचाच! म्हनूनच ऱ्हायला व्हय घरात पाय!”

गोरख चौकटीला टेकून उभा होता. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा. मान खाली घालून तो पायाच्या अंगठ्यानं फरशीचा सांधा उकरत होता. पाच महिन्यांत त्यानं ‘पूर आल्ता’ या दोन शब्दांपलीकडं काही सांगितलं नव्हतं. अश्विनीला तिसरा शब्द लागत होता.

“ह्यांनी खाल्लं न्हाई,” रत्ना म्हणाली. “खाल्लं असतं तर ह्या घराला रंग नसता का दिला?”

हा पुरावा कायद्यात बसणारा नव्हता, पण अश्विनीनं ऐकलेल्या बऱ्याच पुराव्यांपेक्षा बरा होता.

तिनं जबाबाचा मसुदा वाचून दाखवला. एक, त्या दिवशीचा पाऊस आजवरच्या नोंदींत नव्हता इतका. दोन, खात्याच्या नकाशातच पुलाची उंची कमी. तीन, काँक्रीट ओतलं त्या दिवशी खात्याच्या साहेबांसमोर भरलेले ठोकळे प्रयोगशाळेत तपासले गेले, सगळे पास. मग चौदावा परिच्छेद. तो लिहून झाला तेव्हा तिनं ऑफिसात स्वतःलाच कॉफी पाजली होती. “पलीकडील भिंतीचा उर्वरित भाग सुस्थितीत असून त्यावरच नवीन स्लॅब टाकणे शक्य आहे. सबब नुकसान मर्यादित स्वरूपाचे असून ते केवळ नैसर्गिक आपत्तीमुळे झालेले आहे.”

“झ्याक लिवलंय,” आत्या म्हणाली. “सरकारी वाटतंय.”

“एक भोक आहे त्यात,” अश्विनी म्हणाली. “खात्याचे वकील भोरचे सौमित्र देशपांडे. माणूस सावकाश बोलतो, पण नेमकं बोलतो. उद्या ओढ्यावर उभे राहून ते विचारणार. पूर एक, नकाशा एक, ठेकेदार एक, दोन्ही भिंती एकाच दिवशी ओतलेल्या. मग अलीकडची उभी कशी आणि पलीकडचीच कशी पडली?” ती गोरखकडं वळली. “कशी पडली?”

“पूर आल्ता,” गोरख म्हणाला.

“अलीकडं नव्हता आला?”

गोरखनं अंगठा थांबवला, पण तोंड उघडलं नाही. अश्विनीला ही गप्प बसण्याची तऱ्हा ठाऊक होती. तिचे पक्षकार सिमेंट खातात तेव्हा असेच गप्प बसतात. हा विचार तिला पाच महिन्यांत पहिल्यांदा आला होता असं नाही. तिनं तो घरात कुणाला सांगितला नव्हता, इतकंच.

अंगणात आबा उभे होते. गेनबा मुकादम, वय एक्क्याऐंशी. नकाशा त्यांना कधी वाचता आला नाही, पण वेल्ह्यातल्या रस्त्यांखालच्या निम्म्या मोऱ्या, शाळांचे स्लॅब, देवळांचे मंडप त्यांच्या हाताखालून गेलेले. आता डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. अंगणाच्या कडेला काँक्रीटच्या ठोकळ्यांची रांग होती, सहा इंची, चौकोनी, झेंडूच्या वाफ्याला बांध घातल्यासारखी. ही आबांची रीत. प्रयोगशाळेत जातात ते ठोकळे साहेबांचे. आबा प्रत्येक कामाचा एक ठोकळा घरी आणायचे, आणि तो दिवसातल्या अगदी शेवटच्या मालाचा असायचा. पहिलं घमेलं देवाचं, शेवटचं घरचं, असं ते म्हणत. ओला असताना त्यावर खिळ्यानं तारीख कोरायचं काम पूर्वी अश्विनीकडं होतं. पुढं ती शिकायला भोरला गेली, मग ते गोरखकडं आलं. तिच्या आयुष्यातले पहिले दस्तऐवज असे त्या रांगेत, उन्हापावसात पडलेले होते.

आबा त्या रांगेवर बसून दात घासत, सुपारी फोडत, भांडणं मिटवत. जुलैपासून ते तिथं बसले नव्हते. मोतीबिंदूमुळं असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आणि अश्विनीला ते सुचलं.

“आबांचा ठोकळा!” ती म्हणाली. “या पुलाचा घरचा ठोकळा असेलच की. साहेबांचे ठोकळे मुद्दाम चांगले करून दिले असं देशपांडे म्हणतील. पण घरच्या ठोकळ्याबद्दल कोण काय म्हणणार? सगळा तालुका ओळखतो ही रांग. तो उद्या लवादांपुढं ठेवू, म्हणू, लावा मशीनला.”

“त्यो सापडत न्हाई,” गोरख म्हणाला. इतक्या चटकन की धनाजीनंही मान वर केली.

“शोधला होतास?”

“न्हाई. म्हंजी, व्हय.”

“एकोनचाळीस हैत,” आबा अंगणातून म्हणाले. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. काठीचं टोक ठोकळ्यावर टेकवत ते पुढं सरकत होते. “चाळीस व्हते. म्या रोज मोजतो. कडंचा गेलाय.”

अश्विनीनं रत्नाकडं पाहिलं. रत्ना रिकामे कप गोळा करत होती, आणि त्यात आत्याचा भरलेला कपही उचलून चालली होती.

अश्विनी तिच्या मागोमाग परसात गेली. धुण्याची जागा तिथं. काळा घडीव दगड एका बाजूनं उचललेला, पाणी वाहून जावं म्हणून. त्याच्याखाली टेकण लावलेलं.

“वन्सं, नगा काढू,” रत्ना म्हणाली.

“कुणी ठेवला?”

“त्यांनीच. पूल पडला त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हणले, ह्याच्यावर धुणं धूत ऱ्हा, कुणाला सांगू नगं. म्या इच्यारलं न्हाई. इच्यारलं की ह्यांचं जेवान बंद व्हतं.” तिनं पदरानं हात पुसले. “पोरगा साळंत जातो तर मास्तर म्हणत्यात, तुझा बाप सिमिट खातो का भाकरी? म्या काय करायचं सांगा. माणूस एक सबूद बोलंल तर म्या भांडीन तरी जगाशी!”

दोघींनी मिळून दगड उचलला. ठोकळा साबणानं पांढुरका झाला होता. एका बाजूला गोरखच्या अक्षरात एप्रिलमधली तारीख. आठ किलोचं ते वजन पोटाशी धरून अश्विनी पुन्हा अंगणात आली, आणि वाफ्याच्या कडेला, त्याच्या रिकाम्या जागेजवळ तिनं ते ठेवलं.

गोरख चौकटीतून दोन पायऱ्या खाली उतरला आणि तिथंच थांबला.

“हातुडी आण,” आबा म्हणाले.

“आबा, राहू द्या.”

“गोरख. हातुडी.”

पुण्यात या कामाला स्प्रिंगचा हातोडा मिळतो. तो भिंतीला टेकवून दाबला की आकडा दाखवतो, आणि त्या आकड्यावर दोन वकील दोन वर्षं भांडू शकतात. आबांकडं त्या जागी कान होते. ते गुडघ्यावर हात रेटत खाली बसले. आधी रांगेतल्या शेजारच्या ठोकळ्यावर हातोडी मारली. देवळातल्या घंटेची धाकटी बहीण असावी असा आवाज आला, खणकन. त्याच्या शेजारचा, तसाच. मग त्यांनी हा पांढुरका ठोकळा डाव्या हातानं चाचपला, तारखेवरून बोटं फिरवली, आणि मारली.

बद्द.

पिकलेल्या भोपळ्यावर थाप मारावी तसा. आबांनी पुन्हा मारली नाही. ज्याला ऐकायचं त्यानं एकदाच ऐकलेलं पुरतं.

अश्विनीला कायद्याची भाषा सुचायच्या आधी हिशेब सुचला. फाईलमधल्या नोंदीप्रमाणं साहेबांचे ठोकळे सकाळी भरलेले, ते पास. सकाळी अलीकडची भिंत, ती उभी. घरचा ठोकळा शेवटच्या घमेल्याचा, संध्याकाळचा. दुपारनंतर पलीकडची भिंत. सिमेंट खाणारा माणूस सकाळपासून खातो. तो दुपारच्या जेवणानंतर सुरुवात करत नाही.

“दुपारी काय झालं?” तिनं विचारलं. आता ती वकिली आवाजात विचारत नव्हती. “गोरख, त्या दिवशी दुपारी काय झालं रे?”

गोरखनं आबांकडं पाहिलं. आबा जमिनीकडं बघत होते.

“माल दाबून बसवायचा व्हायब्रेटर बंद पडला,” गोरख म्हणाला. “एप्रिलचं ऊन. माल आवळाया लागला, सळई दाट, खाली उतरंना. म्या दुसरा व्हायब्रेटर आणाया नसरापूरला गेलो. साहेब जेवाया गेले ते तिकडनंच दुसऱ्या कामावर गेले. म्या येईस्तवर चार वाजले. तवर...”

“तवर म्या म्हणलं, सैल करा,” आबा म्हणाले. “पाणी वाढवा. भिंत अर्ध्यात थांबली की सांदा ऱ्हातो, आन सांद्यातनं पाणी शिरतं. म्हणून म्या म्हणलं, सैल करा, भरून घ्या. जल्मभर केलं त्येच केलं. बासुंदीवानी माल असला की कोपऱ्यात आपसूक जातो.” ते जरा थांबले. “मोऱ्या लहान व्हत्या तवा. चालून गेलं.”

अश्विनीला ते समजावून सांगायची गरज नव्हती. जास्तीचं पाणी उन्हानं उडून जातं आणि त्याच्या जागी काँक्रीटमध्ये पोकळी राहते. हे तिनं किती तरी तज्ज्ञ साक्षीदारांच्या तोंडून वदवून घेतलं होतं. बहुतेक वेळा दुसऱ्याच्या बापाबद्दल.

“आणि तू आलास तेव्हा?” तिनं गोरखला विचारलं.

“भिंत भरून झाली व्हती. आबा घमेलं उपडं घालून त्यावर बसले व्हते. तीस माणसं भवती. मला म्हणले, बघ, आरशावानी झालीया. म्या माल बोटात धरला आन मला कळलं.” त्यानं दोन बोटं एकमेकांवर घासली. “त्याच वख्ताला फळ्या काडून सगळं पाडायला पायजे व्हतं, ताई. वल्लं व्हतं, खोऱ्यानं निगालं असतं. पन तीस माणसांपुढं बापाची भिंत पोरानं पाडायची? म्हणलं, धरंल. दोन पावसाळे धरलं बी.”

म्हणजे चूक आबांची होती, आणि ती निस्तरायला गोरखच्या तोंडून एक शब्द फुटायला हवा होता. तो मानानं अडवला होता. या घरात सिमेंट कुणी खाल्लं नव्हतं. सगळ्यांनी मिळून शब्द खाल्ले होते. अश्विनीनं मनात भावाला पाच महिने चोर म्हटलं होतं, त्याची माफी कुठल्या परिच्छेदात मागायची तेही तिला कळेना.

आत्या उठून उभी राहिली होती. कधी उठली ते कुणी पाहिलं नव्हतं.

“अश्विने, त्यो दगड होता तिथं ठिवून ये,” ती म्हणाली.

“आत्या?”

“ठिव म्हणते ना! पूर आल्ता. तू लिवलंयस की चांगलं. त्येच वाच उद्या.”

“इतका वेळ तुमीच तर खरं काय त्ये इच्यारत व्हता!” रत्ना म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पण त्यात रडू होतं. “माझा नवरा चोर असला तर गावभर सांगायचं, आन तुमचा भाऊ चुकला की दगडाखाली घालायचं? न्हाई वन्सं. आता सांगायचंच. माझ्या पोराच्या मास्तरापर्यंत गेलं पायजे.”

“रत्ने, एक्क्याऐंशी वर्सांचं माणूस हाय त्ये! त्याला उभा करणार सायबांपुढं? काय ऱ्हाईल त्याचं?” आत्या वळली. “दादा, तू आत जा. कुणी काय इच्यारलं तर म्हणायचं, मला दिसत न्हाई. पोराचा पाय काय परत उगवणाराय व्हय?”

“पाणी म्या आणलं,” धनाजी म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. तो बाजेवरून उठायची खटपट करत होता. कुबडी घसरली, गोरखनं पुढं होऊन ती धरली. पाच महिन्यांत दोघं एवढे जवळ पहिल्यांदाच उभे होते.

“ओढ्याच्या वरल्या डोहातनं दोन पिंपं भरून टेम्पोत टाकून आणली. मामानं सांगितलं, म्या आणली. खाली पडलो ना, तवा पाण्यात असतानाच मला कळलं भिंत कशानं गेली. म्हणलं, घ्या. आपलंच पाणी.” तो हसला. ते हसू बघवेना. “म्या बोललो न्हाई. आईला माहेर एकच हाय. मामाचं नाव घेतलं असतं तर ती सणाला कुठं गेली असती?”

आत्यानं पदर तोंडाला लावला आणि ती पायरीवर बसली. भावाच्या बाजूनं बोलायला उठली होती, मुलाच्या बोलण्यानं बसली.

समोरच्या खाचरात कुणीतरी पेंढा रचत होतं, त्याची हाळी तेवढी ऐकू येत होती. मग आबांनी विचारलं, “पोरी, त्या उरलेल्या भिंतीचं त्ये काय करणारेत?”

“कुठल्या?”

“पलीकडची. अर्दी उभी हाय न्हवं.”

अश्विनी उत्तर द्यायला गेली आणि तिला चौदावा परिच्छेद आठवला. कॉफी पिऊन लिहिलेला. उर्वरित भाग सुस्थितीत असून. ती ओसरीवर गेली, फाईल घेऊन आली. उगाचच. तो तिला पाठ होता.

“मी लिहिलंय,” ती म्हणाली, “की तिच्यावरच नवा स्लॅब टाका. आपण जिंकलो, म्हणजे पूर मान्य झाला, तर काँक्रीट चांगलं होतं असंच ठरतं. मग खातं तेच करेल. त्याच भिंतीवर.”

“माजी पोरगी जूनपास्नं पाचवीला अलीकडच्या साळंत येणारे,” धनाजी म्हणाला. बाकी काही नाही.

“वाच बरं परत,” आत्या म्हणाली. पदरामागून.

अश्विनीनं वाचलं. मघाशी सरकारी वाटलेलं तेच वाक्य. या खेपेला आत्या त्याला झ्याक म्हणाली नाही. डोळे पुसून ती हळू म्हणाली, “दादा, तुजं तू बघ. म्या आता काय म्हणनार न्हाई.”

आबांनी काठी शोधली. गोरखनं हात दिला, तो त्यांनी घेतला नाही, स्वतःच उठले.

“उंद्या म्या येतो वड्यावर,” ते म्हणाले. “ह्यो ठोकळा गाडीत ठिव.”

“आबा, नका ना,” गोरख म्हणाला. “ताई, परवाना जाईल. काळ्या यादीत घालतील.”

“घालतील.” अश्विनीनं मान हलवली.

“आन केस?”

“हरू,” अश्विनी म्हणाली. वीस वर्षांत पक्षकाराला हे तिनं इतक्या थोडक्यात कधी सांगितलं नव्हतं. “पण ठेकेदार तू आहेस. सही तुझी. तू हो म्हटल्याशिवाय मी एक अक्षर बदलणार नाही.”

गोरख त्या पांढुरक्या ठोकळ्याकडं बघत राहिला. मग वाकला, ठोकळा उचलला, आणि तिच्या गाडीची डिकी उघडी नव्हती तरी तिथं जाऊन उभा राहिला. अश्विनी किल्ली शोधायला आत गेली.

सोमवारी दहा वाजता लवाद आले. निवृत्त अभियंता, डोक्यावर पांढरी टोपी, पायात नव्यानं घेतलेले बूट. सौमित्र देशपांड्यांनी बॅगेतून कागद काढला. त्यावर एकच प्रश्न लिहिलेला असावा, कारण ते सारखे अलीकडच्या भिंतीकडून पलीकडच्या भिंतीकडं बघत होते. अश्विनीनं त्यांना तो विचारूच दिला नाही.

“माझ्या पक्षकाराच्या वतीनं जबाबात दुरुस्ती आहे,” ती म्हणाली. “पावसाचा आणि उंचीचा मुद्दा आहे तसा राहील, कारण तो खरा आहे. चौदावा परिच्छेद मागे घेत आहोत. आणि एक नमुना सादर करायचा आहे.”

देशपांड्यांनी कागद हळूच परत बॅगेत ठेवला. दोन महिने घासूनपुसून ठेवलेला प्रश्न असा वाया गेला, की माणसाला जिंकूनही चुकल्यासारखं वाटतं.

डिसेंबरात ओढ्याला घोट्याएवढं पाणी असतं. आबा गोरखच्या खांद्यावर हात ठेवून दगडादगडांवरून निघाले. लवाद नव्या बुटांकडं एकदा बघून मागोमाग उतरले. आधी अलीकडची भिंत. आबांनी हातोडी मारली, कानाला हवी तशी खणकन वाजली. मग पलीकडची. काठावर वाडीतली दहा-पंधरा माणसं उभी होती, आत्या आणि धनाजी त्यांच्यात. तो बद्द आवाज पलीकडं टेकाडापर्यंत गेला असेल.

“ही म्या घातली,” आबा म्हणाले. “माल म्या सैल करवला. गोरख हितं नव्हता. हिच्यावर काय ठिवू नका. पाडा.”

लवादांनी टोपी काढून घाम पुसला. घाम येण्याएवढं ऊन नव्हतं. “बाबा, हे लिहून घ्यावं लागेल,” ते म्हणाले. “सही येते का?”

“अंगठा,” आबा म्हणाले. “पन तारीख पोरगी घालंल. तिला सवय हाय.”

अश्विनीनं दगडावर कागद ठेवून तारीख घातली. कागदाच्या खाली जबाब देणाऱ्याचं नाव, वय, धंदा. धंद्यापुढं ती क्षणभर थांबली, मग ‘मुकादम’ लिहिलं. आबांनी अंगठा उठवला.

नमुने काढायचे होते, मग आदेश निघायचा होता, मग परवान्याचं काय ते व्हायचं होतं. सगळ्याला महिने लागणार होते. लवाद तसं समजावून सांगत असताना आबांनी हातोडी गोरखपुढं धरली.

“सायबाचा कागद आला की पयला घाव तू घालायचा,” ते म्हणाले. “त्या दिशी म्या बसलो व्हतो म्हणून तुझा हात उचलला न्हाई. आता म्या सांगतोय.”

गोरखनं हातोडी घेतली. काही बोलला नाही, पण या खेपेला त्या गप्प बसण्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

वरनं आत्यानं हाक मारली. “दादा, हिकडनं वर ये. च्या ठिवलाय. शेवाळ हाय, बघून पाय टाक.”

आबांनी काठी पुढं टाकून दगड चाचपला. धनाजीनं वरनं कुबडी खाली धरली. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं गोरखचा हात, असे मुकादम आपल्या पडक्या भिंतीच्या कडेनं बहिणीच्या काठावर चढले.